एका व्हेंटिलेटरवर दोन पेशंट? आधी अडगळीतली यंत्रं चालू करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका विज्ञान प्रदर्शनाची बातमी होती. मथळा होता, 'एका व्हेंटिलेटरवर चार रुग्ण'. पोरांनी थ्रीडी प्रिंटरवर काढलेला चार तोंडांचा जोड, शेजारी शाल-श्रीफळवाले पाहुणे, आणि त्यातल्या एका पाहुण्यांचं वाक्य : पुढच्या साथीत कोल्हापूरला व्हेंटिलेटर कमी पडणार नाहीत. पोरांनी जोड झकास केलाय, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पाहुण्यांच्या वाक्याबद्दल आहे. असली वाक्यं लोकांच्या डोक्यात राहतात आणि उद्या खरोखर वेळ आली की नातेवाईक डॉक्टरांची कॉलर धरतात, 'एकावर चार लागतात म्हणून पेपरात आलं होतं, मग आमच्याच माणसाला का नाही?'

मी बायोमेडिकलचा माणूस. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केलं, एका डीलरकडे उमेदवारी केली आणि मग शिवाजी उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. शहरातली आणि गडहिंग्लजपासून जयसिंगपूरपर्यंतची खासगी हॉस्पिटलं, त्यांची व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, सक्शन मशीन यांवर माझं पोट चालतं. औषधातलं मला कळत नाही. पण यंत्रातून हवा जाते कशी आणि परत येते कशी, हे रोज हाताखालून जातं, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

पहिली गोष्ट, जोड करणं अवघड नाहीच. व्हेंटिलेटरच्या नळ्यांची तोंडं जगभर एकाच मापाची असतात, २२ मिलिमीटर. पेशंटच्या घशातल्या नळीचं तोंड १५ मिलिमीटर. दोन्हीला ठरलेला टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळता होत जाणारा उतार असतो, म्हणून कुठल्याही कंपनीची नळी कुठल्याही यंत्राला घट्ट बसते. आमच्या गल्लीतला कुठलाही टर्नर नमुना हातात घेऊन दुपारपर्यंत असा वाय-जोड, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखा एकाचे दोन फाटे करणारा जोड, काढून देईल, तोही थ्रीडी प्रिंटरपेक्षा गुळगुळीत. ज्या गावानं ऑइल इंजिनं केली त्याला हे काय जड आहे?

अडचण जोडाच्या पुढे सुरू होते. ती समजायला माझ्या टेबलावर या. टेस्ट लंग म्हणजे रबरी पिशवी, नकली फुफ्फुस. यंत्र दुरुस्त झाल्यावर ते पेशंटला लावण्याआधी आम्ही तिच्यावर चालवून बघतो. वाय-जोड लावून अशा दोन पिशव्या एकाच व्हेंटिलेटरला लावा आणि दर श्वासाला ८०० मिलिलिटर हवा ठरवून द्या. दोन्ही पिशव्या सारख्या फुगतात, बघणारे टाळ्या वाजवतात. आता एका पिशवीला सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन वेढे मारून आवळा. ही झाली न्यूमोनियाची, कडक झालेली छाती. तिचं फुगणं लगेच अर्ध्यावर येतं आणि तिच्या वाटणीची हवा शेजारच्या पिशवीत शिरते. ती टम्म होते. उसाला पाणी पाजणाऱ्याला हे सांगायला नको : एका पाटातून दोन सऱ्यांना पाणी सोडलं की उताराची सरी भरून वाहते आणि चढाची कोरडी राहते. या सगळ्यात यंत्राच्या पडद्यावर काय दिसतं? ८०० मिली. जेवढे गेले तेवढे परत आले, बोंबलायचं कारण नाही. कुठलाही अलार्म वाजत नाही. मग आवळलेल्या पिशवीची नळी चिमटीत धरून बंद करा, म्हणजे कफाचा गोळा अडकल्यासारखं. आता सगळेच्या सगळे ८०० दुसऱ्या पिशवीत. दाबाची मर्यादा कुणी काळजीपूर्वक खाली लावलेली असेल तर अलार्म वाजेल, नसेल तर नाही.

जाणकार म्हणतील, हवेचं माप ठरवू नका, दाब ठरवा. बरोबर आहे. दाबावर चालवलं तर एकाची नळी तुंबली म्हणून दुसऱ्याच्या छातीत जास्तीची हवा शिरत नाही. पण हिशेब बघा. श्वास आत ढकलतानाचा दाब आणि सोडतानाचा दाब यांतला फरक १५ सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवला. एकाचं फुफ्फुस दर सेंटिमीटरला ४० मिली फुगतं, दुसऱ्याचं २०. पहिल्याला ६०० मिली मिळाले, दुसऱ्याला ३००. दोघंही एकाच उंचीचे, आदर्श वजन ६० किलो धरलं, तर फुफ्फुस असं कडक होणाऱ्या आजारात किलोमागे ६ मिली, म्हणजे ३६० मिली द्यायचे असतात. एकाला पावणेदोन पट, दुसऱ्याला तोकडे. आणि हे ६ मिली कुणी हवेत ठरवलेले नाहीत. अमेरिकेत ८६१ पेशंटवर अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला. १२ मिलीच्या गटात जवळपास ४० टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. म्हणजे नुसती हवा जास्त गेली तरी माणूस जातो. त्यात कुणाचंच फुफ्फुस सकाळी होतं तसं संध्याकाळी राहत नाही. पालथं झोपवलं, कफ ओढला, ताप चढला, की आकडा बदलला. एका यंत्रावर एकट्या पेशंटसाठी सिस्टर तासातासाला हे बघतात आणि डॉक्टर सेटिंग फिरवतात. दोघांत एकच बटण असेल तर ते कुणासाठी फिरवायचं?

ही कल्पना कुठून आली तेही सांगतो, कारण बातमीत ती कालपरवाची असल्यासारखी आली होती. २००६ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या दोन डॉक्टरांनी चार टेस्ट लंग एका व्हेंटिलेटरवर चालवून दाखवली. २००८ मध्ये दुसऱ्या एका गटानं माणसाच्या वजनाच्या चार मेंढ्या बारा तास एका यंत्रावर ठेवल्या. मेंढ्या जगल्या; पण त्या धडधाकट होत्या, आजारी नव्हत्या, हे मेंढरं राखणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा सुचेल. २०१२ मध्ये आणखी एका प्रयोगात पिशव्या मुद्दाम कमीजास्त कडक ठेवल्या, तेव्हा माझ्या टेबलावर दिसतं तेच दिसलं. मधे १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये गोळीबार झाला. एका रुग्णालयात जखमींची रीघ लागली आणि यंत्रं संपली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी साधारण एकाच अंगकाठीचे दोन-दोन जखमी वाय-नळीनं एकेका यंत्राला लावले. त्यांना ते सुचलं कारण शिकत असताना २००६ च्या प्रयोगातला एक डॉक्टर त्यांच्या पुढच्या वर्षाला होता. पण ते गोळी लागलेले लोक होते, फुफ्फुसं बहुतेकांची चांगली, आणि प्रश्न होता काही तासांचा. कोविडचा पेशंट यंत्रावर दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस असायचा.

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कवर वेळ आली. अमेरिकेच्या सरकारी खात्यानं अशा जोडाला तातडीची परवानगी दिली आणि त्याच आठवड्यात, २६ मार्चला, तिथल्या भूलतज्ज्ञांच्या, अतिदक्षतातज्ज्ञांच्या, श्वसनतंत्रज्ञांच्या आणि परिचारिकांच्या सहा संघटनांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की असं करू नका. पेशंट वाटून घेण्यापेक्षा ज्याला जगण्याची जास्त आशा आहे त्याला एक यंत्र नीट द्या, असा त्यांचा रोख होता. वाचायला कठोर वाटतं. पण सहा संघटना एका सुरात बोलल्या, तेही यंत्रं संपत आलेली असताना. न्यूयॉर्कच्या ज्या मोठ्या रुग्णालयानं तरीही हे केलं, त्यांनी मोजक्याच जोड्या लावल्या, चौघांची नाही. दोघांची गरज सारखी आहे का ते आधी पारखलं, दोघांनाही स्वतःहून श्वास घेता येऊ नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध चालू ठेवलं, आणि दिमतीला माणसं ठेवली. आपल्याकडे ही कल्पना येताना यातला फक्त जोड आला.

स्नायू शिथिल करायचे म्हणजे काय, हे घरच्यांना कुणी सांगत नाही. व्हेंटिलेटरवरचा माणूस सुधारायला लागला की तो स्वतः श्वास ओढायला बघतो, यंत्राला ते कळतं आणि यंत्र त्याला साथ देतं. हळूहळू यंत्राचा आधार कमी करत नळी निघते. जोडीत ही सोय बंद ठेवावी लागते, कारण एकानं श्वास ओढला तर यंत्र दोघांनाही हवा ढकलणार. म्हणजे बरा होत आलेला माणूसही शेजाऱ्यापायी झोपलेला राहणार. एकजण खोकला तर दाब दोघांच्या नळीत. एकाचं सक्शन करायला सर्किट उघडलं की दुसऱ्याचाही दाब गेला. एकाचं हृदय बंद पडून छाती दाबायची वेळ आली तर दुसऱ्याला आधी चिमटा लावून बाजूला करून ॲम्बू, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, द्यायचा, आणि हे सगळं रात्री तीन वाजता, एक सिस्टर आणि एक मामा यांनी. शिवाय प्रत्येकाच्या तोंडाशी फिल्टर आणि एकाच दिशेनं उघडणारे व्हॉल्व्ह नसतील तर एकाची उच्छ्वासाची हवा दुसऱ्याच्या नळीत जाते, त्याच्या जंतूंसकट. प्रदर्शनातल्या फोटोत मला व्हॉल्व्ह दिसले नाहीत. पोरांनी माझ्या वर्कशॉपात यावं, चहा पाजतो आणि व्हॉल्व्ह दाखवतो.

हे सगळं मी पुस्तकी बोलत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या जिल्ह्याचा आकडा राज्यातल्या इतर जिल्ह्यांसारखा खाली येईना, जून संपला तरी वॉर्ड भरलेले होते, ते आपण छापलंच होतं. तेव्हा एका खासगी हॉस्पिटलमधून रात्री फोन आला. सगळी व्हेंटिलेटर लागलेली, खाली कॅज्युअल्टीत एकाला नळी घातलेली आणि मावशी ॲम्बू दाबत बसलेल्या. 'वाय-जोड मिळेल का लगेच?' मी जोड घेतला, दोन टेस्ट लंगही घेतल्या. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमना सायकलच्या ट्यूबचा खेळ तिथंच ट्रॉलीवर करून दाखवला. मास्कवरून डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी दोनदा परत करायला लावला, पडद्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, 'नको. थिएटरमधलं मशीन आणा.'

थिएटरमधलं म्हणजे भूल देण्याचं यंत्र. त्यातही व्हेंटिलेटर असतोच. ऑपरेशनं बंद असल्यानं ते कुलूप लावून ठेवलेलं होतं. त्याची पद्धत जरा वेगळी : पेशंटची सोडलेली हवा सोडा लाइमच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांच्या, डब्यातून गाळून परत देते, त्यामुळे तो डबा वेळेवर बदलावा लागतो, दाण्यांचा रंग पालटला का यावर डोळा ठेवावा लागतो, आणि दिवसेंदिवस चालवायला ते केलेलं नसल्यानं कुणी जाणतं माणूस जवळ लागतं. पण ते एका पेशंटचं एक यंत्र आहे. आम्ही ते लिफ्टनं खाली आणलं, मी लीक टेस्ट घेतली, ऑक्सिजनची नळी बदलली आणि तासाभरात ते चालू झालं. पहाटे मी निघालो तेव्हा पेशंट त्यावर स्थिर होता आणि मावशी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. माझा जोड पिशवीतच राहिला.

त्याच हॉस्पिटलच्या जिन्याखाली आणखी दोन व्हेंटिलेटर होते, बंद. एकाचा फ्लो सेन्सर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणारा भाग, गेलेला, दुसऱ्याचा ऑक्सिजन सेल. पत्र लिहायचं खरं कारण हे आहे.

व्हेंटिलेटर कमी पडतात म्हणजे बहुतेक वेळा ते नसतात असं नाही, चालत नसतात. ऑक्सिजन सेल ही बारकी डबी असते, पेशंटला किती टक्के ऑक्सिजन जातोय ते मोजणारी. ती वापरा न वापरा झिजतेच, कारण हवेतला ऑक्सिजन तिला लागत राहतो. वर्ष-दोन वर्षांत बदलायची वस्तू. ती संपली की काही यंत्रं सुरूच होत नाहीत, काही अखंड कोकलत राहतात, आणि सिस्टर वैतागून यंत्र बाजूला ढकलतात. बॅटरीचं तसंच. उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटतो, त्याची किंमत यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही, पण मागणी, मंजुरी आणि तीन कोटेशन यांत महिने जातात. मग यंत्र डेड स्टॉक रजिस्टरला लागतं. एकदा कंडमच्या खोलीत गेलेलं यंत्र परत वॉर्डात आलेलं मी फार कमी पाहिलं.

मे २०२० मध्ये पीएम केअर्समधून देशात ५० हजार व्हेंटिलेटर घ्यायला २००० कोटी रुपये ठेवल्याचं जाहीर झालं होतं. यंत्रं आली, फोटो आले. मराठवाड्यात आलेल्या यंत्रांच्या नादुरुस्तीचा वाद तर औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. त्यात कुणाचं चुकलं ते कोर्टानं बघितलं. मला दिसलेली गोष्ट साधी आहे. मी जिथं जिथं खोक्यातलं यंत्र उघडायला गेलो, तिथं पाचातल्या चार वेळा यंत्र ठीक होतं. नव्हता तो भिंतीतल्या ऑक्सिजनच्या आउटलेटला बसणारा कनेक्टर, किंवा ते लावून पहिले चार दिवस सोबत उभा राहणारा माणूस.

माणूस हा तर मोठाच विषय. यंत्रावरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर असावी असं अतिदक्षता विभागातले जाणकार सांगतात. आपल्याकडे एक सिस्टर चारांना बघते आणि पाचव्याचा फोन घेते. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा त्या मोठ्या रुग्णालयात लोखंडी फुफ्फुस, म्हणजे माणसाला आत ठेवून श्वास चालवणारी पेटी, एकच होतं आणि छातीला लावायची कवचं सहा. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञांनी गळ्याला छेद देऊन नळी घालायला लावली आणि पिशवी हातानं दाबायला वैद्यकीचे विद्यार्थी बसवले. पाळ्या लावून सुमारे दीड हजार पोरांनी महिनोन् महिने पिशव्या दाबल्या. यंत्र नव्हतं, पण प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक माणूस होता, फक्त त्याचाच. त्यातूनच जगातला अतिदक्षता विभाग जन्माला आला असं मानतात. आपल्याकडे मेडिकल कॉलेज आहे, नर्सिंगची कॉलेजं आहेत, आयटीआय आहे. वर्षातून दोन दिवस या पोरांना ॲम्बू धरायला, सर्किट जोडायला, अलार्म ओळखायला शिकवायला कितीसा खर्च येतो?

आणि ऑक्सिजन. यंत्र दुप्पट पेशंट घेईल, पण टाकीतला ऑक्सिजन दुप्पट होत नाही. नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं हाय फ्लो यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर मावतात. दोन तासही पुरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकला टाकीची गळती होऊन दाब पडला, तेव्हा चांगली यंत्रं लावलेली माणसंही गेली.

आपल्या जिल्ह्यात याला पावसाची जोड आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. पुण्याकडून सुटा भाग येणं बंद, टँकर बंद, इंजिनिअर बंद. २०२१ ला तर कोविड आणि महापूर एकदमच आले. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण आयसीयूतली किती व्हेंटिलेटर वीज गेल्यावर बॅटरीवर किती वेळ चालतात, हे हॉस्पिटलच्या मालकालाही सांगता येत नाही. बघायची रीत सोपी आहे : टेस्ट लंग लावा, प्लग काढा, घड्याळ बघा. मी सांगितलं तर म्हणतात, 'राहू दे की, जनरेटर आहे.' जनरेटर तळघरात असतो, आणि पाणीही पहिल्यांदा तळघरातच येतं.

म्हणून प्रशासनाला आणि आपल्यालाही विनंती. मृग लागायच्या आत जिल्ह्यातल्या सरकारी-खासगी सगळ्या व्हेंटिलेटरची तपासणी व्हावी, आणि बाराही तालुक्यांची यादी लोकांपुढे यावी : यंत्रं किती, त्यातली आज चालू किती, बंद असलेली कशापायी बंद, आणि ती चालवणारं प्रशिक्षित माणूस दिवसपाळीला किती, रातपाळीला किती. ऑक्सिजन सेल, फ्लो सेन्सर, रबरी पडदे, बॅटऱ्या यांचा छोटा साठा नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असा ठेवावा, म्हणजे रस्ता बंद झाला तरी अडणार नाही. खासगी हॉस्पिटलांनी थिएटरमधली यंत्रंही या यादीत धरावीत.

आणि इतकं करूनही कधी एका यंत्रावर दोघांना लावायची पाळी आलीच, तर तो निर्णय कोण घेणार हे आज ठरवून ठेवावं. रात्रीच्या ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरच्या गळ्यात ते ओझं टाकू नये. तीन ज्येष्ठ डॉक्टर, त्यात उपचार करणारा नसेल, त्यांनी कागदावर सही करून ठरवावं. दोन्ही घरच्यांना आधी समोरासमोर बसवून सांगावं की तुमच्या माणसाच्या नळीला दुसऱ्या कुणाची तरी नळी जोडतोय, त्याचा धोका हा असा. 'पुढारी सांगतात म्हणून' जोडू नये आणि 'पुढाऱ्यांचा माणूस आहे म्हणून' काढूही नये. दुसऱ्या लाटेत बेडसाठी कुणाकुणाचे फोन यायचे, ते आपल्या वार्ताहरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पत्र लांबलं, कात्री लावलीत तरी चालेल. फक्त तालुक्यांच्या यादीची मागणी तेवढी ठेवा. ती यादी जिल्हा प्रशासनाकडून मागून आपणच छापलीत तर फार बरं होईल, नाहीतर आम्हाला माहिती अधिकारात अर्ज टाकावा लागेल आणि उत्तर यायला दिवाळी उजाडेल.

आपला,
एक बायोमेडिकल तंत्रज्ञ
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती. याच हॉस्पिटलांत रोज जायचं असतं.)